विवाहित असल्यास पतीचे उत्पन्न

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, सांगलीतल्या फार्मसी कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीवर, शिवांजलीचा अर्ज परत आला. वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. माझी सगळी नोकरी विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर गेली. तारीख आणि वेळ नसलेल्या तक्रारीची किंमत मला ठाऊक आहे.

खिडकीत अवधूत नावाचा क्लार्क बसतो. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, नजर समोरच्या माणसाच्या खांद्यापलीकडे.

"मुलीचं लग्न झालंय असं तुम्हीच लिहिलंय," तो म्हणाला. "मग वडिलांचा उत्पन्नाचा दाखला चालत नाही. सासरचा लागतो. नवरा आणि सासरे, एकत्र."

"नवरा सैन्यात आहे, जोधपूरला. सासरे साताऱ्याकडे शेती करतात. हिच्या शिक्षणाला त्यांनी आजवर काय दिलंय?"

"ते अर्जात विचारलेलं नाही, मॅडम."

मग आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू का? मागच्या वर्षीचा अर्ज तसाच पुढं सरकवला असता तर इथं लग्नपत्रिका कोण मागायला बसलंय? सगळ्या मुली तसंच करतात. तुम्ही कशाला लिहायला गेलात?"

"तुम्ही मला खोटं लिहायचा सल्ला देताय?"

"मी काहीच देत नाही. पुढचे, या."

शिवांजली पहिल्या वर्षापासून माझ्याकडे राहते. विश्रामबागेतल्या या घरात मागची खोली तिची. कराडला लागून असलेल्या मलकापूरच्या लालासाहेब जगतापांची थोरली. आता तिसरं वर्ष. गेल्या दिवाळीनंतर तिचे आजोबा गेले. घरातलं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असा त्यांच्याकडे रिवाज. म्हणून मे महिन्यात हिचं उरकून टाकलं. मी लग्नाला गेले होते. नवऱ्या मुलाने ताटातल्या तांदळांवर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिलं, साक्षी. शिवांजली या नावात काय कमी होतं, असं मी शेजारच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, जिलेबी घ्या.

मी तिला साक्षी म्हणत नाही. म्हणणारही नाही.

जुलैत अर्ज भरताना मी तिच्या शेजारी बसले होते. वैवाहिक स्थितीच्या रकान्याशी ती थांबली. म्हणाली, "काकू, मागच्या वर्षीचंच राहू दे का? अविवाहित आधीपासून आलंय. मी काहीच लिहायचं नाही फक्त." मी तिला सांगितलं, पाचगणीच्या शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या की गप्प राहून केलेलं खोटं हेही खोटंच. शिवाय माहिती दडवली म्हणून मी स्वतः लोकांचे दावे फेटाळलेत. रडणाऱ्या विधवांचेसुद्धा. मग तिने 'विवाहित' निवडलं. मला तिचा अभिमान वाटला.

आणि खरं बोलल्याचं हे बक्षीस.

बुधवार, ६ ऑगस्ट

प्राचार्यांना पत्र दिलं. दोन प्रती, पोच घेतली. ज्या सासरने मुलीवर दमडी खर्च केली नाही, त्याच्या उत्पन्नावर तिची पात्रता कशी ठरते, एवढाच प्रश्न. उत्तर लेखी मागितलं आहे.

शिवांजलीला पत्र वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. "छान लिहिलंय काकू," म्हणाली आणि पुन्हा मेथीत डोकं घातलं. एवढ्या अन्यायाने मुलीचं रक्त तापत नाही.

एक गोष्ट मला खटकते. कॉलेजला जाताना ती मंगळसूत्र काढून कंपासपेटीत ठेवते आणि संध्याकाळी सासरचा व्हिडिओ कॉल यायच्या आधी घालते. मी तिला एकदा बोलले. म्हणाली, "इथं घातलं की मुली साक्षीवहिनी म्हणतात, तिथं नाही घातलं तर सासूबाई बोलतात. दोन्हीकडं एकेक तास शांत जातो असं केलं की." मला हा लपाछपीचा प्रकार पसंत नाही.

रविवार, १० ऑगस्ट

लालासाहेब आले होते. गुळाची ढेप घेऊन. खुर्चीच्या टोकावर बसले.

"आवं बाई, सुपारी फोडायच्या बैठकीतच बोलणं झालं हुतं," ते म्हणाले. "चार मान्सांम्होरं मी सांगितलं, पोरीचं शिक्षण पुरं करू द्या, तुमच्यावर रुपाया पडणार न्हाई, सरकार भरतंय. व्याही म्हनले, फुकटात हाय तर शिकू द्या. त्या बोलीवर लगीन झालं. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

"मग तुम्ही भरा. मुलगी तुमची आहे."

"दिलेल्या लेकीची फी बापानं भरली, की त्येंच्या तोंडावर मारल्यासारखं हुतंय. सुनेला शिकवायची आमची ऐपत न्हाई व्हय, म्हनतील. मला काय बोलणार न्हाईत. तिला रोज ऐकवतील."

"म्हणजे ते भरणार नाहीत, कारण फुकट ठरलं होतं. आणि तुम्ही भरणार नाही, कारण त्यांना वाईट वाटेल."

"तसंच हाय बगा."

एवढ्या शांतपणे इतकं मूर्खासारखं बोलणारा माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. जाताना दारात थांबले.

"अर्जात लगीन झाल्यालं तुमीच लिवायला लावलं म्हनं?"

"खरं तेच लिहिलं."

"व्हय. खरंच हाय ते," असं म्हणून त्यांनी चपला घातल्या. त्यांना पटलं याचं समाधान वाटलं.

गुरुवार, १४ ऑगस्ट

प्राचार्य भेटले नाहीत. शिपाई म्हणतो, साहेब तोंडी सांगतील. तोंडी मला नको आहे.

अवधूतच्या खिडकीवर मात्र एक कळलं. सासरचा दाखला या महिन्यात आणून दिला तर अर्ज पुन्हा घेतील. शेती आणि पगार मिळून मर्यादेत बसेल असं तो म्हणतो. म्हणजे हणमंतरावांनी, शिवांजलीच्या सासऱ्यांनी, तलाठ्याकडे एक चक्कर मारायची आणि सही करायची. एवढ्यावर काम अडलं आहे.

शिवांजली म्हणाली, "मी बोलते काकू. गौरीला जाणारच आहे. सासूबाईंना आधी सांगते, मग त्या तात्यांचा मूड बघून काढतील विषय."

"तोवर महिना संपेल. हळूहळू बोलून या देशात कुणाला काही मिळालेलं नाही. रविवारी मीच जाऊन येते."

तिच्या हातातली बशी तिने खाली ठेवली. "काकू, नको. तुम्ही नका जाऊ."

"घाबरतेस कशाला? मी काय त्यांना खाणार आहे?"

रविवार, १७ ऑगस्ट

सातारा. पहाटेची एसटी, कराडला बदलली, मग पुढे माणसं भरली की सुटणारी वडापची जीप. कंबर मोडली आहे, पण आजच्या आज लिहून ठेवायला हवं, कारण आजचा दिवस चांगला गेला.

हणमंतराव फडतरे ओसरीवर बसले होते. विकास सोसायटीची माणसं आली होती, कसली तरी निवडणूक आहे आणि हे चेअरमनपदाला उभे आहेत. मला आत बसायला सांगत होते. मी म्हटलं, लपवण्यासारखं काही नाही, इथेच बोलू. ऐकायला माणसं असली की बोलणं फिरवता येत नाही, हा माझा नोकरीतला अनुभव.

मी सगळं समजावून सांगितलं. ते मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे मॅडम, मी तलाठ्याम्होरं जाऊन माझी कमाई एवढीच हाय म्हनून सही करायची."

"जेवढी आहे तेवढी. जास्त नाही, कमी नाही."

"तलाठी आमच्याच घरी जेवतोय."

"मग तर सोपं आहे. लग्नात दोन बँड होते, घोडा होता, नवरदेवाच्या गाडीला फुलांचा किल्ला केला होता. तो खर्च झेपला असेल तर फी भरा. झेपला नसेल, कर्ज काढून केला असेल, तर तसं लिहून द्या. खरं असेल त्यात लाज कसली?"

सोसायटीतला एक जण चहात हसला आणि त्याला ठसका लागला. दुसरा म्हणाला, "चेअरमन, चा लय गोड झालाय गड्या." माझ्या एका वाक्याचाही प्रतिवाद कुणाला करता आला नाही.

हणमंतराव म्हणाले, "मॅडम, चा गार हुतोय." मी चहा घेतला. "बगतो दाखल्याचं," ते म्हणाले. "गौरीला गाडी पाठवतो सूनबाईला न्यायला. एसटीनं नको यायला तिनं."

पाहा, सौजन्य कुठून येतं. स्पष्ट बोललं की येतं.

निघताना सासूबाई मागच्या दाराने बाहेर आल्या. हात पिठाचे. हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुमी आधी मला भेटला असता तर बरं झालं असतं. मी दाखला काडला असता त्येंच्याकडनं." आतून हाक आली तशा पळाल्या. या घरातल्या बायकांना सरळ दाराने यायची सवयच नाही.

शिवांजलीला सगळं सांगितलं. "चार माणसांत?" एवढंच तिने विचारलं. "सोसायटीची माणसं होती?" हो म्हटलं. ती तिच्या खोलीत गेली. जेवली नाही. पोट बरं नाही म्हणाली.

गुरुवार, २१ ऑगस्ट

दाखला नाही. प्राचार्यांना स्मरणपत्र दिलं. कृष्णेचं पाणी वाढलंय म्हणून अर्धं गाव पुलावर बघायला गेलंय आणि कॉलेजचं अर्धं ऑफिस त्यात आहे.

संध्याकाळी शिवांजली माझ्यासमोर येऊन बसली.

"काकू, एक विचारू? रागवू नका. यंदाची फी तुम्ही भराल का? नोकरी लागली की सगळी फेडीन. लिहून देते. घरी सांगीन की अर्ज मंजूर झाला, सरकारनं भरली. तात्यांना दाखला काढायला लागणार नाही. विषय तिथंच मिटेल."

"म्हणजे तू घरी खोटं सांगणार."

"हो. सांगणार." तिने नजरसुद्धा खाली केली नाही.

मी तिला नीट समजावलं. माझ्याकडे पैसे नाहीत असं नाही. मूलबाळ नाही, पेन्शन आहे. पण मी भरले तर त्या खिडकीतला निर्णय बरोबर होता असं मान्य केल्यासारखं होईल. आणि उसन्या पैशावर, खोट्या बोलण्यावर शिकलेल्या बाईने उद्या औषधं कुठल्या विश्वासाने द्यायची? हक्काचं आहे ते हक्काने मिळवायचं.

"हक्काचं कधी येईल, काकू?"

"लेखी उत्तर आलं की पुढची दिशा ठरेल."

ती हसली. मला कारण कळलं नाही. मग म्हणाली, "तेवढी पत्रं तरी थांबवता का? दाखल्याचं विचारायला कॉलेजनं सासऱ्यांना फोन केला होता. त्यांना वाटतंय मीच तक्रारी करतेय." मी म्हटलं, फोन केला हेच चुकीचं आहे, त्याचीही तक्रार करते. ती उठून कुकर लावायला गेली.

शनिवार, ३० ऑगस्ट

उद्या गौरी येणार. हणमंतरावांनी खरंच गाडी पाठवली. शब्दाचे पक्के आहेत.

शिवांजलीने दोन्ही बॅगा नेल्या. तीन दिवसांच्या सणाला दोन बॅगा; आजच्या मुलींचे कपडे काय सांगावेत. नवी सून म्हणजे पहिल्या गौरीचा ववसा असतो, साड्या लागतात म्हणे. वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, बुधवारी प्रॅक्टिकल आहे, मंगळवारी रात्रीच्या आत परत ये. ती म्हणाली, "काकू, गॅसचं बटण रात्री बंद करत जा. तुम्ही विसरता."

तिच्या खोलीत प्रॅक्टिकलचा पांढरा कोट खुंटीला आहे. धुऊन, इस्त्री करून ठेवलेला. आल्या आल्या लागेल म्हणून तयारी केलेली दिसते. ही शिस्त तिला या घरात लागली.

सोमवार, ८ सप्टेंबर

गौरींचं विसर्जन होऊन आठवडा होत आला. आली नाही. फोन बंद.

लालासाहेबांना फोन केला. "हाय तिकडंच," म्हणाले. "बरी हाय. तुमी काय काळजी करू नका, बाई." आणि मग, "आता काय करू नका."

नोंदणीकृत पोस्टाने शिवांजलीला पत्र टाकलं. बुडालेल्या प्रॅक्टिकलची यादी आणि अर्जाची सद्यःस्थिती.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

यशराजचा फोन आला. जोधपूरहून, मागे कसलीशी शिट्टी वाजत होती. मुलगा सभ्य आहे. तिचा नवरा आहे हे मला मध्येमध्ये आठवावं लागत होतं.

"मॅडम, ती घरीच आहे. आईला मदत करतेय. फोन तात्यांनी ठेवून घेतलाय."

"का?"

"तुम्ही चार माणसांत त्यांना... जाऊ दे मॅडम. निवडणुकीत पडले ते. लोक अजून म्हणतात, चेअरमन, दाखला निघाला का?"

"त्यात मुलीचा काय दोष?"

"काहीच नाही. मी त्यांना तेच म्हटलं. ते माझ्याशी पण बोलेनात." मग म्हणाला, "मी रजेवर आलो की बघू."

"रजा कधी?"

"जानेवारीत मिळेल बहुतेक."

एका निवडणुकीसाठी मुलीचा फोन काढून घेणारा माणूस. आणि मी त्याच्या ओसरीवर चहा प्यायले.

सोमवार, १५ सप्टेंबर

लेखी उत्तर आलं. अखेर.

पाकीट दारातच फोडलं. प्राचार्यांच्या सहीचं, शिक्क्याचं. भाषा भिकार, शुद्धलेखनाच्या चुका मी लाल शाईने खुणावल्या आणि मग पुन्हा, नीट वाचलं.

सासरच्या उत्पन्नाचा दाखला मुदतीत न आल्याने अर्ज नामंजूर. पूर्ण फी ३० सप्टेंबरपर्यंत भरल्यास आणि विद्यार्थिनी स्वतः हजर राहिल्यास प्रवेश कायम राहील. शेवटचा परिच्छेद छोटा आहे. विद्यार्थिनीच्या सासऱ्यांनी कॉलेज सोडल्याचा दाखला मागितला आहे. तो विद्यार्थिनीच्या सहीचा अर्ज आल्यावर देण्यात येईल.

मी मागितलेलं सगळं या पत्रात आहे. नियम, कारण, तारीख, सही.

तिच्या खोलीत जाऊन बसले होते. कोट अजून खुंटीला आहे. खिसे चाचपले. कंपासपेटी तिने नेली आहे. पुस्तकांचं कपाट उघडलं तर आत काहीच नव्हतं. हे तिने कधी आवरलं, मला कळलं नाही. मी या घरातच होते.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

साताऱ्याला टाकलेलं पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टमनचा शेरा, या नावाची व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही.

मी पत्ता पुन्हा पाहिला. पत्ता बरोबर होता. शिवांजली लालासाहेब जगताप, असं मी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं.

सोमवार, २२ सप्टेंबर

खिडकीवर गेले. पूर्ण वर्षाची फी भरली.

अवधूतने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होता. "मॅडम, हे ऑगस्टमध्येच..."

"पावती द्या."

"देतो. पण मुलीला हजर राहावं लागेल. तिच्या सहीशिवाय..."

"पावती द्या म्हटलं ना."

त्याने दिली. वर हळूच म्हणाला, "सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज अजून आलेला नाही. तिनं सही केली नसावी. माझ्या टेबलावर आलाच तर महिनाअखेरपर्यंत मी तो बघत नाही." मी त्याला नियमबाह्य वागू नका असं म्हणायला तोंड उघडलं होतं. म्हटलं नाही.

घरी आल्यावर गॅसचं बटण चालूच होतं.

मंगळवार, २३ सप्टेंबर

आज पाठवलेल्या पत्राची प्रत. नोंदणीकृत, पोचसह. पाकिटावर पत्ता: सौ. साक्षी यशराज फडतरे. असं लिहिलं की पोस्टमन देईल.

चि. शिवांजलीस,

हे पत्र तुझ्या हाती पोचण्याआधी दुसऱ्या कुणी वाचलं तर त्यांनाही कळावं, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे. तुझी यंदाची फी भरलेली आहे. पावती माझ्याकडे आहे. ती सरकारने भरली नाही, तुझ्या वडिलांनी भरली नाही, फडतऱ्यांनी भरावी अशी कुणाची अपेक्षा नाही. मी भरली. परत मागणार नाही, पुढच्या वर्षीचीही भरीन. कुणाला वेगळं काही सांगायचं असेल तर ते सांग. विचारलं तर मी तेच सांगेन. हणमंतरावांनी दाखला काढायची आता गरज नाही. तेही त्यांना वाचून दाखव.

कॉलेज सोडल्याच्या दाखल्याच्या कागदावर तुझी सही मागितली आहे. ती केलीस की नाही हे मला कुणी सांगत नाही. तुझ्या सासूबाईंना विचारायला मी मागच्या दाराने यायलाही तयार आहे, पण मी आले की काय होतं ते तुला माहीत आहे. म्हणून येत नाही.

कोट इस्त्री करून ठेवला आहे. तू केलेली इस्त्री मोडली होती, पुन्हा केली.

मुदत मंगळवार, ३० सप्टेंबर, संध्याकाळी पाचपर्यंत. त्याआधी मला तुझ्या हातचं लेखी उत्तर हवं. येते, किंवा येत नाही, एवढं पुरे. कुणाचा निरोप नको, फोन नको, लालासाहेबांमार्फत नको. खाली सही कुठल्याही नावाने कर, माझी हरकत नाही. फक्त अक्षर तुझं असू दे.

चारुशीला
विश्रामबाग, सांगली